कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? लपवलेल्या पापाबद्दल ख्रिस्ती विचार काय सांगतो, नांदेड-लातूरच्या दोन प्रकरणांतून समजून घ्या

जून २०२४. ‘नीट’च्या निकालावरून देशभर गोंधळ सुरू होता. त्यातच २३ जूनला लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात एक गुन्हा दाखल झाला. तक्रार दहशतवादविरोधी पथकाच्या, म्हणजे एटीएसच्या नांदेड युनिटची होती आणि आरोपी होते चौघे. त्यातले दोघे जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक. परीक्षेत गुण वाढवून देतो असं सांगून विद्यार्थी-पालकांकडून पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. मोबाइलमध्ये विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं सापडल्याचं तपास यंत्रणांनी सांगितलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला. आरोप खरे की खोटे, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे.

पण बातमीने लातूर हादरलं, कारण गाव लातूर होतं. राज्याच्या कानाकोपऱ्यातून पोरं इथे खोली घेऊन राहतात, मेसचा डबा खातात आणि डॉक्टर व्हायचं म्हणून रात्र रात्र जागतात. ‘लातूर पॅटर्न’ हे या शहराचं नाव आहे, पोटही आहे.

अशी बातमी आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: पापाचा घडा भरला. म्हणजे पाप साठत जातं, एक दिवस काठोकाठ होतं आणि मग सांडतं. ख्रिस्ती धर्मातही लपवलेलं उघड होतं असं ठामपणे सांगितलंय. पण तिथे चित्र घड्याचं नाही, उजेडाचं आहे. दोन्हींत बराच फरक आहे.

‘ढोंगी’ म्हणजे नेमकं कोण?

मराठी बायबलमध्ये येशूच्या तोंडी ‘ढोंगी’ हा शब्द वारंवार येतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘हुपोक्रितेस’. त्याचा साधा अर्थ नट. ग्रीक रंगभूमीवर नट मुखवटा चढवून उभा राहायचा. प्रेक्षकांना दिसायचा तो मुखवटा, चेहरा मागे राहायचा.

त्यामुळे ढोंगी म्हणजे फक्त वाईट माणूस नाही, तर वाईट असूनही चांगल्याची भूमिका वठवणारा माणूस. येशूच्या गोष्टींत जकातदार येतात, वेश्या येतात, उधळ्या पोरगा येतो. त्यांच्याशी तो मायेने बोलतो. त्याचा आवाज चढतो तो धर्माच्या जाणकारांसमोर, शास्त्री आणि परूशी यांच्यासमोर. मत्तयाच्या शुभवर्तमानातला २३वा अध्याय जवळपास सगळा याच रागाचा आहे.

त्यातली एक उपमा प्रसिद्ध आहे. येशू या मंडळींना चुना लावलेल्या कबरींची उपमा देतो. त्या काळी यरुशलेमला सणासाठी हजारो यात्रेकरू येत. मृताला किंवा कबरीला स्पर्श झाला की माणूस अशुद्ध होतो, अशी यहुदी समजूत होती. म्हणून सणाआधी कबरींना पांढरा चुना फासत, चुकून कुणाचा पाय पडू नये म्हणून. म्हणजे तो चुना खरं तर धोक्याची खूण होता! येशूने ती उपमा फिरवली. बाहेरून पांढरंशुभ्र, आत हाडं.

आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते, पण ढोंगाचा अर्थ तिच्यातून सगळ्यात स्वच्छ कळतो. पहिल्या ख्रिस्ती मंडळीत काही जण जमिनी विकून आलेले पैसे गरजूंसाठी देत होते. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्यानेही जमीन विकली, थोडे पैसे स्वतःकडे ठेवले आणि सगळेच दिले असं भासवलं. प्रेषित पेत्राने त्यांना पकडलं. पण त्याचा आक्षेप पैसे ठेवण्यावर नव्हता. जमीन तुमची होती, पैसेही तुमचेच होते, असं तो स्वतःच सांगतो. गुन्हा होता तो ‘सगळं दिलं’ या देखाव्याचा. दोघंही तिथेच कोसळून मेले, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. आजच्या वाचकाला ही शिक्षा फार कठोर वाटते. ती आहेच.

नांदेडची शाई

आता थोडं मागे जाऊ. २०१०च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी होते डॉ. श्रीकर परदेशी. दहावी-बारावीच्या परीक्षेत भिंतीवर चढून कॉपी पुरवणारे लोक हे तेव्हा मराठवाड्यात दरवर्षीचं दृश्य होतं. जत्रेसारखी गर्दी असायची. परदेशींनी कॉपीमुक्तीची मोहीम घेतली. महसूल, पोलीस, शिक्षण असे सगळे विभाग कामाला लावले. ही मोहीम पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यात गेली.

कॉपी थांबल्यावर निकालाचा टक्का घसरला. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आदल्या वर्षांचे टक्के म्हणजे चुनाच होता.

दुसरं काम त्याहून मोठं निघालं. शाळांच्या पटावर जेवढी नावं आहेत तेवढी मुलं खरंच वर्गात आहेत का, हे मोजायचं ठरलं. पटावरच्या नावांवर बरंच काही अवलंबून असतं: तुकड्या, शिक्षकांची पदं, अनुदान, पोषण आहाराचा तांदूळ, पुस्तकं, गणवेश. जिथे नाव आहे तिथे पैसा येतो, मूल असो वा नसो. नांदेडमध्ये लाखाहून अधिक नावं अशी निघाली की ज्यांच्यामागे मूल नव्हतं.

मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. का? कारण तपासणी आली की एका शाळेची मुलं गाडीत घालून दुसऱ्या शाळेत बसवायची, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. राज्यात सुमारे २० लाख मुलं पटापेक्षा कमी भरली. १,४०४ शाळांत उपस्थिती निम्म्याहूनही कमी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि गुन्हे दाखल करण्याचे आदेश निघाले.

या शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहिलेले होते, हे वेगळं सांगायला नको. अनेक शाळांत रोज सकाळी प्रार्थनाही होत असणार.

उघड पडणं आणि उजेडात येणं

लूकच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की झाकलेलं ते उघडं होईल, अंधारात बोललेलं उजेडात ऐकू येईल. हे सांगण्याआधीचं त्याचं वाक्य परूश्यांच्या ढोंगाबद्दल आहे. म्हणजे संदर्भ सरळ आहे: मुखवटा कायम टिकत नाही. आपल्याकडचं कोंबड्याचं म्हणणं याच्या बरंच जवळ जातं. झाकून ठेवलं तरी उजाडतं.

पण बायबल इथे थांबत नाही. उजाडणं ही एक गोष्ट आणि माणसाने आपल्या पायांनी उजेडात येणं ही दुसरी. नांदेडमध्ये शाई घेऊन माणसं आली म्हणून पट उघडा पडला. ते पहिल्या प्रकारचं. दुसऱ्या प्रकारासाठी ख्रिस्ती लोक एक माणूस हमखास सांगतात, त्याचं नाव जक्कय.

जक्कय यरीहो गावातला मुख्य जकातदार. रोमन सत्तेसाठी कर गोळा करायचा आणि वर आपलेही काढायचे, हा धंदा. गर्दीत येशू दिसेना म्हणून हा बुटका श्रीमंत माणूस झाडावर चढला. येशूने त्याला हाक मारली आणि त्याच्याच घरी जेवायला गेला. गावात कुजबुज सुरू झाली. तेव्हा जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो.

कुणी छापा टाकला नव्हता, हिशोब मागितला नव्हता. आणि त्याने नुसतं ‘माफ करा’ म्हटलं नाही, आकडा सांगितला. जुन्या यहुदी नियमांत स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं होतं. चौपट भरपाई मेंढरू चोरून विकणाऱ्याला होती. जक्कयने स्वतःला सरळ चोराचा दर लावला.

याच्या शेजारी दावीद राजाची गोष्ट ठेवून पाहा. बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोला त्याने बोलावून घेतलं आणि तिला दिवस गेल्यावर तिचा नवरा उरीया याला लढाईत मरायला पुढे पाठवलं. सगळं शांत झालं होतं. मग नाथान संदेष्टा आला. त्याने राजाला एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली, जे श्रीमंत शेजाऱ्याने हिसकावून कापलं. राजा भडकला, त्या श्रीमंताला जगू देऊ नये म्हणाला. नाथानने शांतपणे सांगितलं, तो माणूस तूच.

दुसऱ्याच्या पापावर आपल्याला किती चटकन राग येतो! लातूरची बातमी शेअर करताना संतापलेल्यांपैकी किती जणांनी दहावीला भिंतीवरून आलेली चिठ्ठी वापरली होती, हा प्रश्न नाथान विचारला असता.

केडगावच्या मुली

हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं झालं. महाराष्ट्रात असं कधी घडलं का, की कुणी न पकडता लोकांनीच आपली झाकलेली पापं सांगितली? पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारलं. दुष्काळात अनाथ झालेल्या मुली, टाकलेल्या बायका, बालविधवा अशा शेकडो जणी तिथे राहत होत्या. १९०५च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी एक गट जमवला. जूनच्या अखेरीस तिथे जे सुरू झालं त्याला ख्रिस्ती इतिहासात ‘मुक्तीचं संजीवन’ म्हणतात. मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि सगळ्यांसमोर आपली पापं सांगू लागल्या. खोटं बोललो, चोरी केली, अमकीचा द्वेष केला. वर्ग थांबले, प्रार्थना तासन्‌तास चालल्या.

काही मिशनऱ्यांनाही हा गोंगाट खटकला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय बायकांनी देवासमोर कसं रडायचं हे परदेशी शिस्तीने का ठरवावं, असा त्यांचा एकूण रोख होता.

पण रमाबाईंवर स्वतःवरही ढोंगाचा आरोप झाला होता, तो बारा वर्षं आधी. त्यांचं शारदा सदन ११ मार्च १८८९ला मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथे धर्माची सक्ती नसेल असं ठरलं होतं. न्या. रानडे, रा. गो. भांडारकर असे लोक सल्लागार मंडळात होते. १८९३मध्ये वाद पेटला. सेवेच्या नावाखाली मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, अशी टीका ‘केसरी’ने केली. मंडळातल्या मंडळींनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी काही मुली परत नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते आणि दार उघडं ठेवते. कुणी येऊन बसलं तर हाकलणार नाही.

उघडं दार हा प्रामाणिकपणा की युक्ती? यावर अभ्यासकांत अजूनही दोन मतं आहेत. टीकाकारांचा मुद्दा हलका नव्हता, कारण पालकांनी विश्वासावर मुली पाठवल्या होत्या. पण रमाबाईंनी आपला धर्म लपवला असं म्हणता येत नाही. त्यांनी १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, ते जगजाहीर होतं.

नाव वाचवायचं की माणूस?

ढोंग एकट्याचं असतं तेव्हा ते लवकर थकतं. संस्था त्यात उतरली की ते वर्षानुवर्षं चालतं. अलीकडचं सगळ्यात बोलकं ख्रिस्ती उदाहरण भारतात जन्मलेल्या माणसाचं आहे. रवी झकरायस १९४६मध्ये मद्रासला जन्मले, दिल्लीत वाढले आणि पुढे जगभर विद्यापीठांतून ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडणारे गाजलेले वक्ते झाले. त्यांचे व्हिडिओ भारतातही मोठ्या प्रमाणात पाहिले जात. १९ मे २०२०ला ते वारले. अंत्यविधीनंतरच्या स्मरणसभेत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स बोलले.

काही महिन्यांत मसाज करणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारी बाहेर आल्या. त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या फर्मने फेब्रुवारी २०२१मध्ये अहवाल दिला. अनेक स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं त्यात नोंदलेलं होतं. संस्थेच्या विश्वस्तांनी माफी मागितली. पण कॅनडातल्या एका स्त्रीने २०१७मध्येच तक्रार केली होती. तेव्हा झकरायस यांनी उलट तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर दावा लावला, प्रकरण गोपनीयतेच्या करारावर मिटलं आणि संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. झकरायस यांच्यावर ठेवलेल्या चुकीच्या विश्वासापोटी. निदान विश्वस्तांच्या माफीनाम्यातून तसंच दिसतं.

चर्चमध्ये अशा वेळी बायबलचाच आधार घेतला जातो. मत्तयाच्या १८व्या अध्यायात सांगितलंय की भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याशी बोल, ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला सांग. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं तर हा मार्ग फार चांगला. चारचौघांत इज्जत काढण्याआधी माणसाला संधी मिळते. सोशल मीडियावर स्क्रीनशॉट टाकण्याआधी हे वाचायला हरकत नाही. पण हाच नियम अत्याचार सोसलेल्या मुलीला सांगितला, आधी पाळकांशी एकटीने बोल म्हटलं, तर तो क्रूरपणा होतो. इथे दोघं बरोबरीचे नाहीत.

भारतीय कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यात बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, न दिल्यास शिक्षा आहे. संस्थाप्रमुखाला शिक्षा जास्त. चर्च, मंदिर, मदरसा, वसतिगृह, कुणालाही सूट नाही. कॅथलिक चर्चनेही ७ मे २०१९ला पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने धर्मगुरू आणि धर्मभगिनींना अशा तक्रारी चर्चच्या वरिष्ठांकडे नोंदवणं सक्तीचं केलं. त्या आदेशाचं लॅटिन नाव येशूच्या एका वाक्यावरून घेतलंय, ज्यात तो शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो.

इथे एक शंका येते. कॅथलिक पापकबुली तर गुप्त असते, मग उजेडाचं काय? कबुलीत ऐकलेलं धर्मगुरूने कुणालाही सांगायचं नाही, मोडलं तर चर्चमधून बहिष्कार, इतका तो नियम कडक आहे. त्यावरून अनेक देशांत सरकार आणि चर्च यांच्यात वाद चालू आहेत. पण कबुलीने हिशोब मिटतो, असं कॅथलिक शिकवणही म्हणत नाही. चोरलेलं परत करणं, बिघडवलेलं भरून देणं हे तिच्यात धरलेलंच आहे. प्रोटेस्टंट चर्चमध्ये बहुधा सगळे मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणतात. सगळ्यांनी मिळून म्हटलेली कबुली सोयीची असते, हेही खरं. त्यात कुणाचाच पट मोजला जात नाही.

चौपट कोण देणार?

नांदेड आणि लातूरमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या अगदी थोडी आहे. अख्ख्या महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ती एक टक्क्याच्याही आत होती. तरी जक्कयचा प्रश्न इथल्या शाळांना आणि क्लासेसना नेमका लागू पडतो.

बोगस पटामुळे जो पैसा गेला तो कुणी परत केला? खोट्या तुकडीवर नेमणूक मिळालेला शिक्षक अतिरिक्त ठरला, पण त्याच्याकडून नेमणुकीसाठी ‘डोनेशन’ घेणाऱ्याचं काय? कॉपीवर वाढलेल्या टक्क्यांमुळे ज्या प्रामाणिक पोरीचा प्रवेश हुकला, तिला चौपट काय देणार? ‘नीट’च्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ला फेरपरीक्षेला नकार दिला. पेपर हजारीबाग आणि पाटण्यात फुटला हे न्यायालयाने मान्य केलं, पण देशभराची परीक्षा नासली असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असं सांगितलं. लातूरच्या खोल्यांतली पोरं पुन्हा पुस्तकांकडे वळली. त्यांचा त्या वर्षीचा जून कुणी भरून दिला नाही.

नांदेडमध्ये कॉपीमुक्तीनंतर निकाल पडला, तेव्हा तो खालचा आकडा जिल्ह्याने स्वीकारला. या सगळ्या प्रकरणात जक्कयच्या जवळ जाणारी बहुधा हीच एक गोष्ट. टक्का कमी होता, पण खरा होता. त्यातून ‘आमच्या पोरांना येत नाही’ हे कबूल झालं आणि शिकवण्याची चर्चा सुरू होऊ शकली.

मोहीम मात्र दरवर्षी नव्याने काढावी लागते. २०२५च्या दहावी-बारावीच्या परीक्षेत, ज्या केंद्रांवर पूर्वी गैरप्रकार झाले होते, तिथे केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक बाहेरच्या शाळांतून आणण्याचा निर्णय मंडळाला घ्यावा लागला.